मळ्यातलं घर: गोठ्यासकट एकाच पत्र्याखाली, की वेगळं?

मळ्यात राहायला जायचं ठरलं की घरात पहिला वाद होतो तो छपराचा. वडिलांना स्लॅब हवा असतो. जन्म गळक्या छपराखाली गेलेल्या माणसाला तो हवासा वाटणारच. मुलगा मोबाइलवर अमेरिकेतली शेडवजा घरं दाखवतो. उंच लोखंडी सांगाडा, एका टोकाला ट्रॅक्टर, दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोल्या, वर सलग एक पत्रा. टेक्सासकडे अशा घरांना ‘बार्नडोमिनियम’ म्हणतात. आणि पहाटे उठून जिला धारा काढायच्या आहेत, त्या बाईला मात्र या वादात कुणी विचारत नाही.

दोन-चार एकर जमीन, चार-सहा दुभती जनावरं, थोड्या शेळ्या, अवजारं आणि वर्षाचं धान्य असलेल्या कुटुंबासाठी हे लिहितो आहे. घर, गोठा आणि कोठार एका छपराखाली घ्यायचं, की घर वेगळं आणि गोठा वेगळा बांधायचा, हा निर्णय करताना कोणत्या क्रमाने विचार करावा ते पुढे मांडलं आहे. एकत्र बांधकामाला लेखापुरतं ‘जोडघर’ म्हणू.

माझं म्हणणं आधीच सांगतो. पत्रा की स्लॅब, हा प्रश्न पुष्कळ नंतरचा आहे. माणसं जिथे झोपतात तिथली हवा आणखी कशाकशाबरोबर वाटून घ्यायची, हे आधी ठरवावं. ते ठरलं की छप्पर, भिंती, अंतर आणि खर्च हे सगळं त्यातून आपोआप सुचत जातं.

जुन्या घरांकडे बघताना

जोडघर आपल्याला नवं नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या जुन्या घरांत पुढच्या सोप्याला एका अंगाला दावण असायची, मधे माजघर आणि मागे परडं. अकोले-भंडारदऱ्याच्या डोंगरात, जिथे पाऊस आठवडे आठवडे उघडत नाही, तिथे जनावरं घरातच असत. ती उबेची आणि राखणीची सोय होती. ‘आजोबांच्या घरात चालत होतं’ हा दाखला म्हणूनच पुष्कळ जण देतात.

तो दाखला तसाच लागू करू नये. तेव्हाची जनावरं देशी, अंगाने लहान, आणि दिवसभर रानात चरायला जाणारी. घरात ती फक्त रात्री असायची. आजची होल्स्टिन किंवा जर्सी संकरित गाय चोवीस तास गोठ्यात उभी असते. मुरघास, पेंड, हिरवा चारा तिला जागेवर मिळतो आणि शेण-मूतही तिथेच पडतं. देशी गाय दिवसाला दहा-पंधरा किलो शेण टाकते, संकरित गाय वीस किलोच्या पुढे जाते. चार गाईंचा ओलावा, वास आणि माश्या झेलायला जुन्या सोप्याचा आराखडा पुरणार नाही. त्यातल्या दोन गोष्टी मात्र उचलण्यासारख्या आहेत. गोठ्याची जमीन राहत्या भागापेक्षा खाली असायची, आणि दावणीचा उतार घरापासून बाहेर असायचा.

पहिली पायरी: रात्री काय जवळ हवं?

कागद घ्या आणि घरातल्या सगळ्यांना, विशेषतः गोठ्याचं काम करणाऱ्या बाईला बसवून लिहा, की रात्री-अपरात्री कशाकशासाठी उठावं लागतं. गाय व्यायला झाली की दर तासाला बघावं लागतं. पोटफुगी झालेलं जनावर सकाळपर्यंत थांबत नाही. पहाटेच्या धारा पावसात, चिखलात, अंधारात काढायच्या असतात. दुधाचे कॅन संकलन केंद्राच्या वेळेआधी भरायचे असतात.

मग राखण. चोरीची भीती सगळीकडे आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर, सिन्नर, निफाड या ऊसपट्ट्यात बिबट्या हे रोजचं वास्तव आहे. उसात तो राहतो, वाढतो, आणि उघड्या गोठ्यातली शेळी किंवा कालवड त्याला सगळ्यात सोपी पडते. कमरेएवढ्या कुंपणाने तो थांबत नाही, उंच भिंतही तो चढून जातो. तिथे गोठा रात्री चारी बाजूंनी जाळीने आणि वरून छपराने बंद करता आलाच पाहिजे. घर आणि गोठा यांमधली वाटही उघडी, अंधारी असून चालत नाही, कारण पहाटे पाचला त्या वाटेने माणूस जाणार असतो. अशा भागात जोडघराच्या बाजूने बोलणारं सगळ्यात जड कारण हेच आहे. खर्च वाचतो का, हा मुद्दा त्याच्यापुढे मला दुय्यम वाटतो.

उलट तुमच्याकडे जनावरंच नसतील, फक्त ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ठिबकच्या नळ्या आणि धान्य असेल, तर रात्री जवळ हवं असं फारसं काही उरत नाही. मग जोडघर की वेगळं, हे निव्वळ सोयीवर आणि पैशावर ठरवायला मोकळे आहात.

दुसरी पायरी: काय जवळ नको?

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. पुढे लिहिलेल्या काही गोष्टी गैरसोयीच्या आहेत आणि काही जिवावरच्या.

जिवावरची पहिली गोष्ट म्हणजे धान्यातल्या गोळ्या. सोंडे-किडे मारायला ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पोत्यांत ठेवतात. हवेतल्या दमटपणाने त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो आणि दारांच्या फटी, छताखालची मोकळी जागा, भिंतीची भोकं यांतून शेजारच्या खोलीत शिरतो. तिथे झोपलेल्या माणसांचा जीव जातो, लहान मुलांचा आधी. ज्या कोठारात या गोळ्या वापरायच्या त्याची भिंत झोपायच्या खोलीला लागून असता कामा नये, मग घर कोणत्याही पद्धतीचं असो. वर्षाच्या खाण्याएवढंच धान्य असेल तर कडक वाळवून हवाबंद पत्र्याच्या कोठीत किंवा जाड हवाबंद पिशवीत ठेवा, गोळ्यांची गरजच पडत नाही.

दुसरी, फवारणीची औषधं. त्यांना स्वतंत्र, कुलपाची, घरापासून बाजूला असलेली छोटी खोली द्यावी. जोडघराच्या ‘कोपऱ्यात ठेवू’ असं म्हणू नका. तिसरी, इंजिनचा धूर. बंद खणात ट्रॅक्टर किंवा जनरेटर चालू ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. ट्रॅक्टरचा खण निदान दोन बाजूंनी उघडा हवा.

चौथी, आग. वाळलेला कडबा, भुसा, सोयाबीनचं काड आणि वर लोंबकळणारी वायर, एवढ्यावर वस्त्या जळाल्या आहेत. ओलसर राहिलेला चारा दाबून रचला तर आतून तापतोही. कडब्याची गंज घर आणि गोठा दोन्हींपासून लांब, उघड्यावर. जोडघरात फक्त दोन-तीन दिवसांचा चारा आणावा.

रोगराईबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. गाय गाभडली तर तिचा जार आणि स्राव यांतून ब्रुसेला हा तापाचा रोग माणसालाही होऊ शकतो. उंदीर आणि जनावरांच्या मुतातून पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा रोग पसरतो, कोकणाला तो चांगला माहीत आहे. त्यामुळे गोठ्याचं पाणी घराच्या दारासमोरून वाहता कामा नये आणि रांगतं मूल थेट गोठ्यात पोचेल असं दार असता कामा नये. धान्य-चारा आला की उंदीर येतात, उंदरांमागे साप. मण्यार तर रात्रीच फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. जोडघरात सगळ्यांना खाट आणि मच्छरदाणी हवीच. हा खर्च आराखड्यातच धरा.

कोंबड्यांचं मोठं शेड, कांदा चाळ, बेदाण्याला गंधकाची धुरी देण्याची जागा, यांपैकी काहीही राहत्या छपराला जोडू नये. रेशीम करणाऱ्यांचा प्रश्न उलटा आहे. कीटकांनाच माणसांच्या चुलीचा धूर आणि औषधांचा वास सोसत नाही, म्हणून संगोपनगृह लांबच बरं.

यादी पूर्ण झाली की बहुतेक घरांत असं चित्र दिसतं: दुभती जनावरं आणि शेळ्या जवळ हव्यात, अवजारं कुठेही चालतील, आणि बाकी सगळं लांब हवं.

तिसरी पायरी: जागा आणि माती

वारा, उतार, माती. हे तिन्ही बघितल्याशिवाय आराखडा काढू नका.

आपल्याकडे उन्हाळ्याचा उत्तरार्ध आणि पावसाळाभर वारा मुख्यतः पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. गोठा घराच्या पूर्वेला किंवा ईशान्येला असला तर वर्षातले सगळ्यात घाणीचे महिने वास घराकडे येत नाही. जमिनीचा उतारही घराकडून गोठ्याकडे आणि गोठ्याकडून उकिरड्याकडे असावा. विहीर किंवा बोअर वरच्या अंगाला, शोषखड्डा आणि उकिरडा यांपासून किमान १५ मीटर दूर. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम घेतली की दुपारचं ऊन आत कमी येतं. कोकणात आणि दमट घाटमाथ्यावर उत्तर-दक्षिण लांबी बरी, कारण तिथे ऊन आत शिरून जमीन वाळणं महत्त्वाचं.

मातीचा खड्डा स्वतः खणून बघा. मुरूम हात-दोन हातांवर लागला तर दोन्ही प्रकारची घरं निवांत बांधता येतात. काळी चिकण माती खोल असेल तर सावध व्हा. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल एवढी भेगाळते. पुष्कळांना वाटतं की पत्र्याचं घर हलकं, म्हणजे पाया कमी चालेल. काळ्या मातीत हा समज महागात पडतो, कारण फुगणारी माती हलक्या बांधकामाला जास्त सहज उचलते. खांबांचे फुटिंग, म्हणजे पायाचे ठोकळे, खाली मुरमापर्यंत गेलेले असतात, पण खांबांमधली भिंत वरच्या मातीवर उभी केलेली असते. मग पहिल्याच वर्षी खांब आणि भिंत यांच्या सांध्याला उभी चीर पडते आणि त्यातून पाऊस आत येतो. उपाय असा की खांब ते खांब जोत्याचा बीम टाकावा आणि भिंत त्या बीमवरच उठवावी. फरशीखालची काळी माती काढून मुरूम थराथराने भरावा, पाणी मारून धुम्मस करावा. पायाची खोली मात्र माती बघितलेल्या इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या.

चौथी पायरी: कागद

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये शेतघराची व्याख्याच जोडघराला सामावून घेणारी आहे. अवजारं, खत, चारा आणि शेतमाल साठवणं, जनावरं बांधणं, आणि खातेदाराचं कुटुंब, गडी किंवा कुळं यांचं राहणं, हे सगळे उपयोग तिच्यात येतात. कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात असं बांधकाम करता येतं. पण शहरांच्या हद्दीजवळच्या पट्ट्यात आणि नियोजन आराखड्यांच्या क्षेत्रात आधी परवानगी लागते. तिथे क्षेत्र ०.४ हेक्टरहून, म्हणजे साधारण एक एकराहून, कमी असलं, उंची-मजल्याची मर्यादा ओलांडली किंवा राहण्याच्या भागाचं जोतं १५० चौरस मीटरच्या वर गेलं, तर परवानगी अडते. उंच कैचीच्या (छपराच्या तिकोनी सांगाड्याच्या) शेडचं मन केलं असेल तर जोत्यापासूनची उंची आधीच विचारून घ्या. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि ग्रामपंचायत या दोघांकडेही जा, आणि उत्तर लेखी घ्या.

याच घरातून दुकान, हॉटेल, कृषी पर्यटनाच्या खोल्या चालवायच्या असतील तर ते वेगळं प्रकरण आहे. शेतघराची सवलत गृहीत धरू नका.

कर्जाबाबत एक गोष्ट माहीत असावी. थकीत कर्ज न्यायालयात न जाता वसूल करायचा जो सरफेसी कायदा आहे, त्यातून शेतजमिनीवरचं तारण वगळलेलं आहे. सातबाऱ्यावरच्या जमिनीवर गृहकर्ज द्यायला बँका नाखूश असतात त्यामागे हेही कारण आहे. बँका गावठाणातली किंवा बिनशेती जागा मागतात. गोठा, अवजारं, शेड यांना मात्र शेतीच्या मुदत कर्जाखाली विचारता येतं. म्हणून शेडला कर्ज आणि घराला स्वतःची पुंजी अशी वाटणी अनेक घरांत होते. तशी होणार असेल तर दोन्हींची अंदाजपत्रकं सुरुवातीपासून वेगळी काढा.

घरकुल किंवा गोठ्याचं अनुदान घेणार असाल तरीही हिशेब वेगळा लागतो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं. शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेच्या २०२१च्या निर्णयात गोठ्याचं मापच दिलेलं आहे: ७.७ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद, सोबत गव्हाण, २५० लिटरचं मूत्रसंचय टाकं आणि २०० लिटरची पाण्याची टाकी. एकाच छपराखाली दोन योजना बसवायच्या तर काम सुरू करण्याआधी पंचायत समितीत विचारा, खांब उभे राहिल्यावर नव्हे.

पाचवी पायरी: खर्चाची मांडणी

फॅब्रिकेटर, म्हणजे लोखंडी शेड उभारणारा, चौरस फुटाचा जो भाव सांगतो तो रिकाम्या शेडचा असतो. गवंडी जो सांगतो तो राहत्या घराचा. हे दोन आकडे शेजारी मांडून लोक ठरवतात की पत्र्याचं निम्म्यात होतं. ही तुलनाच चुकीची आहे.

घराचा खर्च आठ ओळींत लिहा: पाया-जोतं, सांगाडा आणि छप्पर, भिंती-गिलावा, फरशी, संडास-न्हाणी आणि सेप्टिक टँक, वीज-पाणी, दारं-खिडक्या, रंग. यातल्या फक्त सांगाडा-छपराच्या ओळीत मोठा फरक पडतो, पायात थोडा. बाकी सहा ओळी पत्र्याखालीही तेवढ्याच लागतात. उलट पत्र्याखाली राहायचं तर छत बंद करणं आणि उष्णता अडवणं ही नवी ओळ वाढते.

यावरून ढोबळ अंदाज असा: छपराखालचा बराचसा भाग गोठा-अवजारांचा आणि थोडा राहण्याचा असेल, तर जोडघरात पैसे खरंच वाचतात. राहण्याचाच भाग निम्म्याच्या पुढे गेला की बचत वितळायला लागते, आणि तीन झोपायच्या खोल्या, दिवाणखाना, देवघर असा बेत असेल तर सरळ आरसीसी घर बांधावं आणि गोठ्याला साधं शेड करावं. पुढच्या वाढीचाही विचार करा. स्लॅबच्या घरावर मजला चढवता येतो. शेड लांबीला खण जोडून वाढतं, त्याला जागा मोकळी लागते.

आणखी एक खर्च कुणी लिहीत नाही. उद्या भावाभावांत वाटण्या झाल्या तर? वेगळं घर एकाला आणि गोठा-शेड दुसऱ्याला देता येतं. एकसंध जोडघराची पन्हाळ दोघांत वाटता येत नाही. दोन भाऊ मिळून बांधत असाल तर खांबांच्या ओळी अशा ठेवा की मधून छप्पर वेगळं करता येईल, आणि सांगाड्याचे सांधे वेल्डिंगऐवजी नट-बोल्टचे करून घ्या. बोल्टचं शेड उतरवून दुसरीकडे उभं करता येतं.

सहावी पायरी: जोडघर ठरलं तर आराखडा

मी तीन खणांचा आराखडा सुचवेन. पश्चिमेला घर, मधे एक मोकळा खण, पूर्वेला गोठा. छप्पर एकच, हवा दोन. मधला खण तीन-चार मीटर रुंद आणि दोन्ही बाजूंनी उघडा, बिबट्याच्या भागात जाळीच्या फाटकांनी बंद होणारा. पाय धुवायचा नळ, गमबूट, दुधाचे कॅन, दिवसभराची अवजारं इथे. घराचं दार या खणात उघडतं, गोठ्याचंही याच खणात, पण समोरासमोर नव्हे.

यात सगळ्यात महत्त्वाची भिंत घराची गोठ्याकडची. ती थेट पत्र्याला भिडेपर्यंत न्या. शेण-मुतातून निघणारा अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, तो वर चढतो आणि छपराखालून सगळीकडे पसरतो. आठ फुटांवर थांबवलेली भिंत त्याला अडवत नाही. पत्र्याच्या लाटा आणि भिंत यांमधल्या फटी सिमेंट किंवा फोमने भरा, त्याच वाटेने उंदीरही येतात. गोठ्याच्या माथ्यावर मात्र हवा निघून जायला मोकळी कड किंवा फिरते व्हेंटिलेटर ठेवा.

घराचं जोतं गोठ्यापेक्षा किमान दीड फूट उंच. गोठ्याची जमीन घसरडी नको, कोबा खरबरीत ठेवा, आणि चाळीस ते साठ फुटांना एक फूट असा उतार घराच्या उलट दिशेला द्या. गाईला छपराखाली साधारण ३.५ चौरस मीटर आणि मोकळ्या जागेत ७ लागतात. म्हशीला ४ आणि ८. म्हणजे चार गाईंना छपराखाली १४ आणि बाहेर कुंपणात २८ चौरस मीटर. मुक्त संचार गोठ्याची, म्हणजे जनावरं न बांधता मोकळी ठेवायची, ही जागा पूर्वेच्या टोकाला आपसूक मिळते.

लोखंड कुजतं ते खालून. खांबांचे पाय शेण-मुताच्या पातळीच्या वर, दीड-दोन फुटांपर्यंत काँक्रीटच्या ओट्यात घ्या. गोठ्यावरचे पत्रे आणि स्क्रू अमोनियाने लवकर गंजतात, तिथे चांगलं गॅल्वनायझिंग असलेला माल घ्या आणि दर पावसाळ्याआधी स्क्रू तपासा.

राहत्या भागाचं छत. नुसत्या पत्र्याखाली मे महिन्यात मराठवाड्यात किंवा विदर्भात दुपारी बसवत नाही, आणि कोकणात पावसात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही. हिवाळ्यात पहाटे पत्र्याला आतून दव धरतं आणि थेंब अंथरुणावर पडतात. या तिन्हीला एकच उत्तर आहे, पत्र्याखाली दुसरा थर. परवडत असेल तर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले पफ पॅनेल, ५० मिलिमीटरचे तरी. नाहीतर पत्रा, मधे हवा खेळेल अशी मोकळी पोकळी आणि खाली बंद छत. पोकळीच्या दोन्ही टोकांना बारीक जाळी लावायला विसरू नका. वरून पांढरा रंग दिल्यानेही ऊन बरंच परततं. पश्चिमेला रुंद पडवी काढली तर दुपारची भिंत तापत नाही.

वाऱ्याचा हिशेब पत्र्याच्या घरात वेगळा करावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीच्या भूकंपात जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद माणसांवर कोसळलं. हलकं छप्पर त्या संकटात माणसाला वाचवतं. तेच हलकं छप्पर ३ जून २०२०ला निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत गावंच्या गावांतून उडून गेलं. वळवाच्या वाऱ्यातही हेच होतं, कारण वारा छपराला खाली दाबण्यापेक्षा वर जास्त खेचतो. म्हणून कैची खांबाला, खांब पायाला, पर्लिन (पत्र्याखालची आडवी लोखंडी पट्टी) कैचीला आणि पत्रा पर्लिनला असा प्रत्येक सांधा वर खेचला जाण्याच्या हिशेबाने पक्का हवा. वळचणीला आणि कडेला स्क्रू दाट मारा. वळचण फार लांब काढली तर वारा तिथूनच पत्रा उचलतो. किनारपट्टीला बांधत असाल तर वाऱ्याचा हिशेब इंजिनिअरकडून कागदावर घ्या.

वीज. लोखंडी सांगाड्यात एक वायर सोलली गेली तर अख्खं घर जिवंत होतं, आणि ओल्या जमिनीवर उभ्या जनावराला माणसाच्या आधी झटका बसतो. सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग, बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचं आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारं बटण), आणि सगळ्या वायरी पाइपातून. शेतीपंपाच्या कनेक्शनवर घर चालवू नका. ते नियमाबाहेर आहे, आणि ती वीज दिवसाचे ठरावीक तासच असते. महावितरणकडे घरगुती कनेक्शनचा अर्ज पाया खणतानाच करा, विजेचे खांब आणायला लागले तर वेळ जातो.

गोबरगॅसचा फायदा जवळच्या गोठ्यात चांगला मिळतो. एक घनमीटर गॅसला साधारण २५ किलो शेण लागतं. दोन घनमीटरचा संच तीन-चार जनावरांवर चालतो आणि छोट्या कुटुंबाचा स्वयंपाक होतो. संच गोठ्याच्या टोकाला, उन्हात.

वेगळं घर ठरलं तर

इथे कमी गोष्टी सांभाळायच्या आहेत. गोठा इतका लांब नको की रात्री हाक ऐकू येणार नाही, आणि इतका जवळ नको की माश्या ताटावर येतील. पंधरा-वीस मीटर बहुतेक ठिकाणी जमतात. घरापासून गोठ्यापर्यंत फरसबंदी, उजेड आणि जमलं तर अरुंद पत्र्याचं छप्पर असलेली वाट करा. घराचा खर्च हाताबाहेर गेला की पहिल्यांदा ही वाट कापली जाते, आणि मग घरातली बाई पुढची पंधरा वर्षं चिखलातून दुधाची बादली आणते. वाट आधी बांधा, दिवाणखान्याचं पीओपी नंतर.

पैसे एकदम नसतील तर

टप्प्याने जा. आधी शेड उभारा, त्यातला एक खण चांगल्या भिंती आणि बंद छतासह राहण्याजोगा करा. तीन-चार वर्षांनी घर बांधलं की तो खण पाहुण्यांना, गड्याला किंवा दूध हाताळायला कामी येतो. यासाठी पहिल्या दिवशी पुढच्या घराची जागा दोरी लावून आखून ठेवा. संडास, सेप्टिक टँक आणि पाण्याची टाकी दोन्हींना जवळ पडतील अशा जागी आत्ताच करा. या तीन गोष्टी हलवायला सगळ्यात महाग पडतात.

काम देताना

निर्णय पक्का करण्याआधी ओळखीतलं एखादं शेडचं घर दोनदा बघून या. एकदा मे महिन्यात दुपारी तीनला आणि एकदा मुसळधार पावसात रात्री. त्या घरातल्या बायकांशी बोला.

मग फॅब्रिकेटरकडून लेखी घ्या: खांब आणि पर्लिनचं माप व वजन, पत्र्याची कंपनी आणि जाडी, स्क्रूंमधलं अंतर, गंजरोधक रंगाचे हात, पन्हाळ आणि तिचं पाणी कुठे सोडणार ते, आणि भिंतीच्या सांध्यातून गळलं तर जबाबदारी त्याची की गवंड्याची. हा शेवटचा मुद्दा आधी ठरलेला नसला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. दोघांना एकदा समोरासमोर बसवा. माल आल्यावर पत्र्याची जाडी साध्या मापकाने मोजा. पैसे चार हप्त्यांत द्या: पाया झाल्यावर, सांगाडा उभा राहिल्यावर, पत्रा चढल्यावर, आणि राहिलेले पहिला मोठा पाऊस पडून छताखालचं सगळं कोरडं असल्याचं दोघांनी मिळून बघितल्यावर.